लग्नघरची विहीर आणि काळ्या तेलाचा डबा

साठलेल्या पाण्यात डास होतात, डासांमुळे हिवताप होतो, आणि हे सांगूनही लोक ढिम्म हलत नाहीत, याचा मला भयंकर संताप यायचा. अजूनही येतो. हिवतापाविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं मीच लिहायचो. घरी जेवताना वरणसुद्धा मी पत्रकाच्या भाषेत मागतो, अशी आईची तक्रार होती.

स्वातंत्र्य नवं होतं. अंधेरीच्या पूर्वेचं, शेतांमधलं एक ख्रिस्ती गावठाण माझ्याकडे दिलेलं. दर आठवड्याला जायचं, कुणाला थंडी वाजून ताप आलाय का विचारायचं, आणि विहिरींतलं पाणी पांढऱ्या पळीत घेऊन डासांच्या अळ्या बघायच्या. नाताळ झाला आणि एका विहिरीच्या आसपासची घरं तापानं फणफणली. पळीत बघतो तर नुसता वळवळाट. अळ्या मारायचं काळं तेल घेऊन मी सकाळीच हजर झालो.

विहिरीची मालकीण कमरेवर हात ठेवून आडवी आली. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणायचं आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं, ही त्यांची रीत.

"तेलाच्या पाण्यानं न्हाऊ घालू तिला? पोर हाय का सायकलची चेन?"

मी आरोग्य, रूढी, राष्ट्र वगैरे सगळं बोललो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझं लग्न झालंय का विचारलं. नाही म्हणताच मसाला कांडणाऱ्या बायका म्हणाल्या, कसं होणार. मी तडकलो.

"तेल नको ना? मग विहीर उपसा. तळ दिसेपर्यंत."

हे कोण करतंय, अशी माझी खात्री. पण तिनं मांडवातले पुरुष उठवले, पाहुणे उठवले, जेवणाच्या आशेनं लवकर आलेल्या बँडवाल्यांना वाजवायला उभं केलं. पाणी भाजीच्या वाफ्यांत जाऊ लागलं. मला रहाटाला जुंपलं. हात सोलले तसं एक म्हातारी म्हणाली, पत्रकवाल्याला हळू ओढू द्या, कागदाची सवय हाय त्याला.

दुपारी तळाचा गाळ दिसला. संध्याकाळपर्यंत झऱ्यांचं नवं पाणी हातभर चढलं. मी पळी बुडवली तेव्हा बँडसुद्धा थांबला. पळीत अळी नव्हती. तसं सांगितलं, तर मालकिणीनं पळी माझ्या हातातून घेऊन स्वतः पाहिली, मगच कळशी भरू दिली.

लग्नानंतर तेलाचा डबा घेऊन पुन्हा गेलो, तर मालकीण विहिरीपाशीच उभी. आता तेल ओतू दे, मी मनात म्हटलं, नाहीतर आज मीच ओरडतो. तिनं डब्याचं झाकण स्वतः काढून दिलं. मी तेल ओतलं. पाण्यावर तवंग पसरला तसं तिनं विचारलं,

"माहुलला सासर हाय पोरीचं. तिथल्या विहिरीत पळी कोण घालतं रे?"

माहुल माझ्याकडे नव्हतं. कुणाकडे आहे ते मला ठाऊकही नव्हतं.

"मग तू जा," ती म्हणाली. "सासू लय तोंडाळ हाय तिची. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाय."

तिनं पदराखालून लग्नातल्या करंज्यांची पुडी काढून माझ्या पिशवीत पत्रकांवर ठेवली. तुपाचे डाग पडलेली ती पत्रकं मी त्याच आठवड्यात माहुलला वाटली.