चार हिसके

मामा पाण्यात कधी उतरले नाहीत. त्यांना पोहता येत होते की नाही, हेही मला नक्की ठाऊक नाही. बंदरात पाणबुडे जहाजांच्या बुडाशी कामाला उतरत, तेव्हा त्यांच्या कमरेला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक धरून धक्क्यावर बसणे, हे त्यांचे काम. ते त्यांनी सत्तावीस वर्षे केले.

दोराची भाषा सोपी होती. वरून एक हिसका दिला की तो प्रश्न, बरा आहेस ना? खालून एक आला की उत्तर, बरा आहे. खालून दोन आले तर दोर सैल सोडायचा, तीन आले तर ताणून घ्यायचा. चार आले की काहीही न विचारता ओढायचे. मामा म्हणत, "तिसऱ्याला अंग सावध होतं. चौथा येईस्तोवर माणूस निम्मा वर आलेला असतो."

दोर हातात असताना ते कुणाशी बोलत नसत. मुलगी झाल्याचा निरोप घेऊन शेजारी धक्क्यावर धापा टाकत आला, तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. पाणबुड्या वर आल्यावर शांतपणे विचारले, "हं, काय म्हणत होतास?" पुढे त्या मुलीने एका पाणबुड्याशीच लग्न केले. मामी सगळ्यांना सांगत, "बाकीचे लोक जावई शोधून आणतात. आमच्या यांनी पाण्यातून ओढून काढला."

मी तेव्हा एका चित्रपट कंपनीच्या कचेरीत माणसांची जुळवाजुळव पाहत होतो. चित्रपट युद्धाचा होता. शत्रूच्या बंदराचे तोंड पाण्याखालच्या पोलादी जाळ्याने बंद केलेले. आरमाराची एक छोटी तुकडी मासेमारीच्या होडीतून, मासेमारांच्याच वेशात तिथे पोचते. एकजण जाळे कापायला खाली उतरतो आणि दुसरा, गळ टाकून बसल्याचे सोंग करून, त्याचा दोर धरतो. नेमकी त्याच वेळी शत्रूची गस्तीची बोट जवळ येते. नेमका त्याच वेळी खालचा माणूस जाळ्यात अडकतो आणि चार हिसके देतो. दोर ओढला तर बिंग फुटणार आणि सगळी तुकडी मरणार. म्हणून वरचा माणूस ओढत नाही.

खाली उतरायला जाणता पाणबुड्या हवा होता. मी मामांच्या जावयाचे नाव सुचवले. वरच्या नटाचे हात फार मऊ होते, म्हणून पडद्यावर हात मामांचे दिसणार होते. जावयाचा दोर दुसऱ्या कुणी धरणे मामांना चालणारही नव्हते.

चित्रीकरण एका मोठ्या शेडमधल्या हौदात होते. तीन पुरुष खोल. बंदराचे पाणी वाटावे म्हणून त्यात तपकिरी भुकटी कालवली होती. हात कोपरापर्यंत बुडवला की बोटे दिसत नसत. तळाशी जाळे मात्र खरे, पोलादी. मदतीला आणखी एक पाणबुड्या काठावर तयार होता, पण त्या गढूळ पाण्यात त्यालाही चाचपडतच जावे लागले असते.

मामांनी हौदात पाहिले आणि जावयाला बाजूला घेतले.

"तुम्ही खोटे चार देणार. मग खरे चार मी ओळखायचे कसे?"

"खरे असतील तर सहा देईन की," जावई म्हणाला.

"गुदमरणारा माणूस मोजत नाही, जावईबापू."

शेवटी मामांनीच तोड काढली. जावयाने चार हिसके द्यायचे आणि त्यानंतर मामांनी दहा मोजायच्या आत एक द्यायचा. एक आला तर सगळे ठीक. नाही आला तर ते ओढणार. दिग्दर्शकानेही मान डोलावली.

पहिल्या वेळी चार हिसके आले आणि मामांनी ओढले. एकही आकडा मोजला नाही. जावई खोकत वर आला. "अहो मामा, अजून मेलो नाही मी!" शेड हसली. दुसऱ्या वेळी मामांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते; तरी हात ओढूनच मोकळे झाले.

दिग्दर्शक त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "मामा, तुमचा नाइलाज मला कळतो. पण आता पुन्हा ओढलात तर दोर या कडीला बांधू आणि हात दुसऱ्या कुणाचे तरी घेऊ." हौदाच्या काठाला एक लोखंडी कडी होती. मामांनी तिच्याकडे एकदा पाहिले. लोखंडाला काही कळत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होते.

"नाही ओढणार," ते म्हणाले.

तिसऱ्या वेळी मी त्यांच्या मागे चार पावलांवर उभा होतो. चार हिसके आले. मामांच्या मानेच्या शिरा तटतटल्या, पण हात हलले नाहीत. ते पुटपुटत मोजत होते. सात. आठ. नऊ. दहा. दोर गप्प होता. अकरा. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून कडीकडे पाहिले. बारा. मी पुढे पाऊल टाकले तसा दिग्दर्शकाने हात आडवा करून मला अडवले. चौदा. पाण्यावर बुडबुडे येत होते, की येत नव्हते, भुकटीमुळे काही कळत नव्हते. सतरा. मामांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला आणि त्यांनी तो पुसला नाही.

एकोणीसला एक हिसका आला.

टाळ्या वाजल्या. जावई हसत वर आला. "जमलं की मामा!" दिग्दर्शकाने मोकळेपणाने सांगून टाकले, "उशीर करायला मीच सांगितलं होतं यांना. त्याशिवाय हातांत ती भीती आली नसती." जावयाने कान पकडले आणि पुन्हा हसला.

मामा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. शेडमागच्या नळाखाली ते बराच वेळ हात धरून उभे राहिले. मी जवळ गेलो. म्हटले, त्यांनी असे करायला नको होते.

"ते सोड," ते म्हणाले. "मला ते ठाऊक होतं का? माझ्या लेखी तो अकराला बुडत होता. आणि मी बसून राहिलो."

"पुन्हा ओढला असता तर कडीला बांधला असता त्यांनी."

"हो. तेच मनाशी म्हणत होतो. म्हणत होतो, आणि बसलो होतो."

दोन दिवसांनी बंदरात एका जहाजाच्या पंख्यात जाड दोरखंड अडकला. जावई तयार होऊन धक्क्यावर आला. मामांनी दोर आणला, त्याच्या पायाशी ठेवला आणि ते मागे सरले.

"आज दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा."

मुकादम ओरडला, "सासऱ्या-जावयाचे रुसवेफुगवे घरी ठेवा! तिकडे जहाज खोळंबलंय!"

"मामा, चुकलो म्हटलं ना. गंमत होती ती," जावई म्हणाला.

"गंमत तुमची. बसून राहणं माझं. आज चार आले आणि मी पुन्हा मोजत बसलो तर?"

जावयाच्या तोंडचे हसू गेले. त्या सकाळी पहिल्यांदाच, मला वाटते, त्याला खालच्या पाण्याची भीती वाटली. मुकादम दुसऱ्या माणसाला हाक मारू लागला, तसे त्याने हातानेच नको म्हटले. कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा तपासली आणि टोक मामांच्या हातात दिले. "विचारत राहा. वाटेल तितक्या वेळा विचारा. दर वेळी सांगेन."

"मग काम कधी व्हायचं?"

"होईल तेव्हा होईल."

तो उतरला. मामांनी एक हिसका दिला, एक आला. पाचसात श्वासांनी पुन्हा दिला, पुन्हा आला. एका हाताने करवत चालवायची आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, असे तो खाली अडीच तास करत राहिला. तासाभराचे काम होते. मुकादम शिव्या घालून दमला आणि सावलीत जाऊन बसला. पुढे मामांनी आणखी चार वर्षे दोर धरला, पण ही सवय गेली नाही. खाली काम कमी आणि मामांचा फोनच जास्त, असे पाणबुडे चेष्टेने म्हणत, पण उत्तर न देण्याची हिंमत कुणी केली नाही.

हिसका दिल्यापासून उत्तर येईपर्यंत मामा श्वास घेत नसत.