दहाच हेलकावे

बसवनगुडीतल्या एका कचेरीत पुलांचे आराखडे होत. तिथे चंद्रकांतरावांचं काम एकच: दुसऱ्यांनी केलेली आकडेमोड तपासायची आणि पानाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने ‘चं.’ लिहायचं. बावीस वर्षांत त्या ‘चं.’शिवाय एकही कागद बाहेर गेला नव्हता. घराणं शहाजीराजांच्या काळापासून बंगळुरात, त्यामुळे घरात मराठी आणि त्या मराठीत निम्मं कन्नड. कचेरीत मात्र ते फारसे बोलतच नसत. चुकलेल्या आकड्याखाली रेघ ओढायची आणि पान परत सरकवायचं. नवशिके त्यांना टरकून असत.

१९९३च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला. जी जमीन सगळे निर्धोक समजत तीच हलली, आणि चंद्रकांतरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या हातून नुकताच एक मोठा पूल तपासून झाला होता. दूरच्या एका खाडीवरचा, दोन उंच मनोऱ्यांना तिरप्या केबलींनी टांगलेला. भूकंपात असा पूल एकाच तऱ्हेने हलत नाही. रस्ता खालीवर होतो, पिळतो, मनोरे आपापले डोलतात; प्रत्येक हेलकावा वेगळा काढून मग सगळ्यांचा मेळ घालायचा असतो. कचेरीत पहिले दहाच घेत. का, तर पंधरा वर्षांपूर्वी भाड्याने वापरायच्या संगणकात दहाच मावत. साध्या पुलांना ते पुरतही. पुढे टेबलाटेबलावर नवे संगणक आले, पण दहाचा आकडा देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जागचा हलला नाही. तो प्रत्येकाला शिकवला होता चंद्रकांतरावांनीच.

नोव्हेंबरात त्यांनी कुणाला न सांगता तीच आकडेमोड चाळीस हेलकावे घेऊन केली. संगणक दीड दिवस चालला. पहिल्या दहांत बहुतेक सगळे रस्त्याचे हेलकावे होते. मनोऱ्यांचे विसाव्यानंतर सुरू होत होते. मनोऱ्याच्या पायथ्याशी येणारा जोर कागदावरच्यापेक्षा पावणेदोन पट निघाला. तिथल्या सळया एवढा जोर पेलणाऱ्या नव्हत्या, आणि त्या पानाच्या कोपऱ्यात हिरवं ‘चं.’ होतं.

पान अजून कचेरीतच होतं. ते गेलं की कामावरची माणसं पायथ्यात काँक्रीट भरणार, आणि मग सळया वाढवायची सोय उरणार नाही. ते तडक मालकांकडे, फत्तेसिंगांकडे गेले, चूक आपलीच असल्याचं सांगितलं आणि त्यांच्यादेखत ‘चं.’वर काट मारली. आता पान बाहेर पडत नाही, असं ते धरूनच चालले. कचेरीचा रिवाज मोडता येतो हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

फत्तेसिंग चिडले नाहीत. खरं तर हेच खटकायला हवं होतं. काम लांबलं की कचेरीचं नाव जाईल, या धास्तीने त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, एवढंच.

“सरी, ठीक आहे, चंद्रकांत,” ते म्हणाले. “सळया वाढवू. तुम्ही स्वल्प विश्रांती घ्या.”

चंद्रकांतराव आठ दिवस येलहंक्याला बहिणीकडे राहिले. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

परतले तर त्यांच्या टेबलाशी कावेरी बसलेली. निपाणीकडची ही हुशार मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, मुलीसारखी. फत्तेसिंगांनी तिला तपासनीस केलं होतं. आपण तपासलेल्या पहिल्याच पानाची प्रत तिने कौतुकाने पुढे केली. खाडीचाच पूल. सळया जुन्याच. कोपऱ्यात हिरव्या शाईत ‘का.’

कागद कधी गेले, असं त्यांनी विचारलं. सोमवारीच, ती म्हणाली; काल पायथा भरूनही झाला.

चंद्रकांतरावांनी ते पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. हेलकावे किती घेतलेस, असं त्यांनी विचारलं.

“दहा, अण्णा,” कावेरी म्हणाली. “तुम्ही शिकवलं तसंच.”

आणि ती शाबासकीची वाट पाहत उभी राहिली.