ड्रमरची वकिली

मी एका माणसाच्या घरी, त्याच्याच हातची कॉफी पीत, त्याच्या ड्रम वाजवण्याची दहा मिनिटं टिंगल केली. तो समोर बसला होता.

महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा मराठी रॉकवेडे इंदिरानगरात अक्कांकडे जमतो. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलं. आम्ही बाकीचे नोकरीपायी आलेले. आमच्याकडे एक रीत आहे, तिला आम्ही वकिली म्हणतो. प्रत्येकाने आपलं आवडतं गाणं गुपचूप, नाव न घालता, एका सामाईक फोल्डरमध्ये टाकायचं. मग ते वाजवायचं आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने, गाणं कोणाचं हे ठाऊक नसताना, ते कोणाला जीव की प्राण का असेल हे पटवून द्यायचं. गाणं आवडो न आवडो, बाजू घ्यायचीच.

त्या दिवशी पहिली चिठ्ठी अक्कांचीच निघाली. गाणं अकरा मिनिटांचं, नुसता आरडाओरडा. अक्का शांतपणे म्हणाल्या, "हे ज्याचं आहे तो दिवसभर मीटिंगमध्ये 'हो सर, हो सर' म्हणत असणार. हे त्याचं 'नाही' आहे." व्हाइटफील्डहून येणारा आमचा पुणेरी प्रोग्रॅमर लाजून लाल झाला. गाणं त्याचंच होतं.

दुसरी चिठ्ठी माझी. गाणं सुरू झालं आणि माझ्या तोंडाला फेसच आला. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं, खरखर, गाणारा कुठल्यातरी विहिरीतून गातोय. अशा गाण्याची बाजू काय घ्यायची? त्यात आदल्या महिन्यात माझ्या भाषणाला कोणी हसलं नव्हतं, ते मनात होतं. म्हणून मी वकिली सोडून सरळ फिर्याद दाखल केली.

"गाणाऱ्याला माफ करू," मी म्हणालो, "पण ड्रमर बघा. गिटारचा तुकडा सुरू झाला की हा सुटलाच. बाकीचे तिघे रस्त्यावर चालताहेत आणि ह्याला समोर बस दिसलीय."

प्रोग्रॅमर हसला. मला तेवढं पुरे होतं. मी चमचा घेऊन टीपॉयवर त्या ड्रमरची नक्कल केली. उभा राहून केली. अक्कांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, एरवी कॉफी देऊन पेपर वाचायला आत जातात. त्या दिवशी ते वेताच्या खुर्चीत बसून राहिले होते. मला वाटलं, माझ्या विनोदाला अखेर जाणकार श्रोता मिळाला.

"झालं सांगून?" अक्का म्हणाल्या. "ड्रम यांचे आहेत."

माझ्या हातात चमचा तसाच. खाली ठेवावा तर आवाज होईल, म्हणून धरून राहिलो. कान असे तापले की पंख्याचा वारा तिथेच लागत होता. प्रोग्रॅमरने माझ्या कानाशी दबक्या आवाजात विचारलं, "काका, पळायचं तर गाडी कुठे लावलीय?"

अक्का थांबल्या नाहीत. "कॉलेजातलं. एवढं एकच रेकॉर्डिंग आहे. ड्रम गच्चीवरच्या खोलीत आहेत, एका संगीताच्या क्लासची माणसं बाराला न्यायला येणार. म्हटलं, बाहेरचं कोणी दोन चांगले शब्द बोललं तर हे द्यायचे थांबतील. चिठ्ठी निघाली तुमची."

घड्याळात पावणेबारा झाले होते. मी काहीतरी पुटपुटलो. त्यात 'एकूण' आणि 'तसं पाहिलं तर' एवढेच शब्द स्पष्ट होते.

"कुठे सुटतो?" अण्णांनी विचारलं. सेवानिवृत्त इंजिनिअर, आवाजात राग नाही, तपासणी. "परत लाव गं. तुम्ही ती जागा आली की हात वर करा."

इतकी वाईट शिक्षा मला शाळेतही झाली नव्हती. गाणं लागलं, मी हात वर केला. पुन्हा लागलं, पुन्हा वर. चार वेळा. कोणी चकलीला हात लावेना. पाचव्या वेळी अण्णांनी चप्पल काढली आणि पायाने ठेका धरला. गिटारचा तुकडा आला. पाय आपल्या चालीत पडत राहिला आणि रेकॉर्डिंगमधला ड्रम त्याच्या पुढे निघून गेला. अण्णा स्वतःच्या पायाकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याचाच होता.

"मी गिटारवाल्याला म्हणायचो, तू मागे राहतोस," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर म्हणायचो."

त्यांचा चेहरा बघून मला टीपॉयखाली जावंसं वाटलं.

बेल वाजली. क्लासची दोन माणसं दारात. अण्णा अनवाणीच उठले, त्यांच्याशी कन्नडमध्ये स्वल्प बोलले आणि "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत त्यांना वाटेला लावून परत आले.

"आज नको म्हटलं," अण्णा म्हणाले. "पुढेही नको. एक जागा दुरुस्त करायची राहिलीय." आणि जिना चढून गेले. थोड्या वेळाने वरून ड्रमवरची चादर झटकल्याचा आवाज आला.

माणसाने अशा वेळी गप्प बसावं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "बघा अक्का, शेवटी माझ्या वकिलीनेच ड्रम वाचले."

अक्का कप गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसरा कोणी असता तर खोटं का होईना, कौतुक करून मोकळा झाला असता. तुम्हाला तेवढीही अक्कल नाही, म्हणून वाचले."