रुखवतात गेलेली खोली

लोणावळ्यात लग्न ठरलं की मुलीची आई आधी भटजींकडे जायची आणि तिथून थेट मुक्ताबाईंकडे. भेंड, लवंगा, काड्यापेटीच्या काड्या असलं काहीबाही घेऊन मुक्ताबाई वीतभर खोल लाकडी पेटीत तुळशीवृंदावन नाहीतर बैलगाडी उभी करायच्या आणि पुढून काच बसवायच्या. रुखवतात ती पेटी मांडली की बायका विचारायच्या, "कुणी केलं?" मुलीची आई ऐटीत सांगायची, "आमच्या मुलीनं!" आयत्या बिळावर नागोबा. मी त्यांची शेजारीण, माझा जळफळाट व्हायचा, पण मुक्ताबाई हसायच्या. "तसंच म्हणायचं असतं हो," म्हणायच्या. विधवेचा हात लागलाय हे भर मांडवात कोण सांगणार? लग्नाला गेल्याच तर त्या मागच्या पडवीत भाजी चिरत बसायच्या.

त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. इन्फ्लुएंझाच्या साथीत ते गेले आणि पाठोपाठ क्वार्टरही सोडावं लागलं. मूलबाळ नव्हतं. क्वार्टरातली ती खोली मुक्ताबाईंनी एका पेटीत जशीच्या तशी केली होती. खाट, चूल, खुंटीवर काळा कोट, कोनाड्यात कंदील. ती त्यांनी कुणाला विकली नाही. भाड्याच्या खोलीत त्यांना सोबत अशी ती तेवढीच.

आमच्या आळीतल्या अरुंधतीच्या लग्नात रुखवत उठून दिसेना, म्हणून तिच्या आईनं ही पेटी एका दिवसापुरती मागून नेली. पाठवणीच्या गडबडीत ती बाकीच्या सामानाबरोबर बांधली गेली आणि पोचली तळेगावला, अरूच्या सासरी. मी तणतणत तिच्या आईकडे गेले.

"चूक झाली हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण रुखवतात मांडलेलं परत कोण मागतं? पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

मुक्ताबाईंची जेवणावरची वासनाच उडाली. शेवटी म्हणाल्या, "चला तळेगावला. अरूला बाजूला घेऊन विचारते. माझी खोली मला हवी."

पेटी ओटीवर दर्शनी भिंतीलाच लावलेली होती. अरूच्या सासूबाईंनी आम्हाला नेमकं तिच्यासमोर बसवलं. "बघा, सूनबाईचं काम! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते मी."

अरू चहा घेऊन आली. मुक्ताबाईंना बघून तिचा चेहरा पडला. "सासूबाई," ती चाचरत म्हणाली, "ही पेटी खरं तर..."

"खरंच सुरेख केलीस गं," मुक्ताबाईंनी तिला पुढं बोलूच दिलं नाही.

मला असा संताप आला! पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या काचेतून आत बघत होत्या.

सासूबाई खुशीत होत्या. "कोट काय, कंदील काय, सगळं हुबेहूब. पण बघा ना, एवढ्या घरात माणूस करायचा राहिलाच की!"

"हो ना," मुक्ताबाई म्हणाल्या, "माणूसच नाही राहिला."