एका मिनिटात दहा लिटर

थेंबेंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते मुख्याध्यापक त्यांच्यावर ओरडत होते आणि ते उत्तर देत नव्हते म्हणून. मला शाळेत लागून आठवडाही झाला नव्हता. प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस होता. प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक सडपातळ माणूस काचेच्या नळीतून बाटलीत आम्लाचे थेंब सोडत उभा होता. मुख्याध्यापक दारातून विचारत होते, "किल्ल्या कुठे आहेत? अहो, मी तुमच्याशी बोलतोय!" तो माणूस नुसता ओठ हलवत राहिला. मग त्याने नळी जागेवर उभी केली, मान वळवली आणि म्हणाला, "चाळीस. किल्ल्या तुमच्याच खिशात आहेत, सर."

त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कधी कुणी वापरलं नाही. थेंबे हे मुलांनी ठेवलेलं नाव. ते शिपायांनी उचललं, मग आम्ही शिक्षकांनी, आणि शेवटी निरोपाच्या पत्रावर मुख्याध्यापकांनीही चुकून तेच लिहिलं. थेंबे प्रयोगशाळा सहायक होते. बरण्या धुवायच्या, साहित्य मांडायचं, मोडलेलं चालतं करायचं. शिकवणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की वर्गावर मला पाठवत, जिला भाषा सोडून काही येत नाही. ज्याला सगळं येत होतं तो मागच्या खोलीत काचा पुसत बसे. एकतीस वर्षांत ते फळ्यासमोर एकदाही उभे राहिले नाहीत.

निवृत्तीनंतर मी ज्या इमारतीत राहायला आले तिथे वरच्या मजल्यावर थेंबे निघाले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यांचे थोरले बंधू. बंधूंना मीही दादाच म्हणते. आई-वडील लवकर गेले तेव्हा थेंबे सहा वर्षांचे होते आणि दादा एकवीसचे. दादांनी घड्याळं दुरुस्त करून धाकट्याला वाढवलं, लग्न केलं नाही. धाकट्यानेही केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. दादांची नजर काचबिंदूने हळूहळू गेली आणि नऊ वर्षांपूर्वी पूर्ण गेली. डोळे होते तेव्हा हौसेने मांडलेली माशांची काचेची टाकी मात्र राहिली. तिच्याशेजारच्या वेताच्या खुर्चीत दादा दिवसभर बसत.

थेंबे घराबाहेर पडत ते वीस मिनिटांसाठी. दूध, औषधं, भाजी. वीस मिनिटं झाली की वरून हाक यायची, "धाकट्या!" अंध माणसाला घड्याळ दिसत नाही, पण चाळीस वर्षं घड्याळं लावलेल्या माणसाला ते लागतही नाही. जिन्यात थेंबे माझ्याशी बोलायला थांबत तेव्हा त्यांचा एक पाय कायम वरच्या पायरीवर असे.

"दोन्ही पाय एका पायरीवर ठेवून बोला की कधीतरी," मी एकदा म्हटलं.

"ठेवीन, बाई. वेळ आली की ठेवीन."

वेळ आली ती पत्राच्या रूपाने. चार तासांच्या अंतरावरच्या गावात एका संस्थेने विज्ञान शिक्षकांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. टाकाऊ वस्तूंपासून प्रयोगाची साधनं कशी करायची ते शिकवायला त्यांना थेंबे हवे होते. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी तिथे होता. पत्रावर लिहिलं होतं, 'आदरणीय सर.' थेंबेंनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि वाचून होईपर्यंत माझ्याकडे न बघता खिडकीची कडी घासत राहिले. कडी स्वच्छच होती.

"जायचंय ना?" मी विचारलं.

"दादा आहे."

"दादांजवळ मी बसते. रात्री वर झोपेन. आणखी काय?"

आम्ही दोघं दादांसमोर उभे राहिलो, मुख्याध्यापकांसमोर उभे राहावं तसे. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई बसतील, ठीक. पंपाचं काय?"

टाकीचं पाणी एका नळीतून खाली उतरे. खालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी होती. जाणकार तिला सम्प म्हणतात. तिथल्या स्पंजांतून पाणी गाळलं जाई आणि एक पंप ते पुन्हा वर पाठवी. हा पंप म्हातारा झाला होता. त्याची घरघर माझ्या छतातून मला ऐकू येई. आमच्याकडे वीज रोज एकदा तरी जाते. ती परत आली की पंप नुसता थरथरायचा; पाण्यात हात घालून त्याचा पंखा बोटाने ढकलला की मग चालू व्हायचा. बोट थेंबेंचंच लागे.

"बाईंना कपाटात शिरून वाकता येतं का?" दादांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. माझे गुडघे सगळ्या इमारतीला माहीत आहेत.

"मग? मासे मरतील आणि बाई मला त्यावर निबंध लिहायला लावतील. आधी आपोआप चालू होणारा पंप आण, धाकट्या. मग खुशाल जा."

ही अट ऐकून थेंबेंचा चेहरा उजळला. माणसाबद्दलची अट त्यांना झेपली नसती. ही मोजता येण्यासारखी होती.

दुपारी दोन ते तीन दादा झोपत. त्या तासात आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने टाकीचं माप विचारलं आणि एक मोठं खोकं पुढे सरकवलं.

"हा घ्या, काका. ताशी तीन हजार लिटर. एकदम धबधबा!"

"धबधबा पाडू कुठे? शेजाऱ्यांच्या छतावर?" थेंबेंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या राहतात खाली."

"अहो, ताकद जास्त असलेली बरी ना?"

"नळीतून जेवढं खाली येतं तेवढंच वर पाठवायचं असतं. त्याहून जास्त पाठवलं की वरची टाकी उतू जाते, खालची कोरडी पडते, आणि पंप जळतो तो वेगळाच. आणि हे तीन हजार कुठल्या उंचीला?"

दुकानदाराने खोकं वरून पाहिलं, खालून पाहिलं. थेंबेंनी त्याच्या हातून अलगद घेतलं आणि बाजूला छापलेल्या वक्ररेषेवर बोट ठेवलं. पंपाला पाणी जितकं उंच चढवावं लागेल तितकं ते कमी होत जातं, ते या रेषेवर दिसतं. थेंबेंच्या खिशात चिठ्ठी होती: खालच्या पाण्यापासून वरच्या काठापर्यंत चार फुटांना एक बोट कमी, वाटेत दोन वळणं, त्यांचा आणखी अर्धा फूट धरायचा. हवं होतं ताशी सहाशे लिटर. खोक्यावर दीड हजार लिहिलेला एक लहान पंप त्या उंचीला बरोबर तेवढं देत होता.

तसे तीन निघाले. थेंबेंनी तिन्ही पंप दुकानातल्या बादलीत चालवून बघितले. लाकडी पट्टीचं एक टोक बादलीला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"डॉक्टर काका," दुकानदार मला हळूच म्हणाला, "पंपाला ताप आहे का ते बघतायत."

जो सगळ्यात कमी वाजला तो त्यांनी घेतला. "दादाची झोप मोडणार नाही," परतताना ते म्हणाले. इतके खूश मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जिना ते एकेक पायरी चढले.

दुसऱ्या दिवशी जोडणी झाली. पाणी वर आणणाऱ्या नळीचं तोंड त्यांनी टाकीतल्या पाण्याखाली वळवलं, म्हणजे तेही वाजायला नको. त्याआधी नळीखाली बादली धरून वेळ मोजला. दहा लिटरला एकसष्ट सेकंद. मुख्य बटण बंद करून पुन्हा लावलं. पंप हात न लावता सुरू झाला. पाच वेळा केलं, पाचही वेळा सुरू झाला. थेंबे माझ्याकडे बघून हसले.

"चालू कर की आता," दादा खुर्चीतून म्हणाले.

"चालूच आहे, दादा."

"कुठे चालू आहे?"

थेंबेंनी त्यांचा हात धरून पाण्यात बुडवला. प्रवाह बोटांना लागला तेव्हा दादा म्हणाले, "हं." पाच मिनिटांनी हाक आली, "धाकट्या, बंद पडला बघ."

पुढचे चार दिवस मी खालून ऐकत होते. थेंबे आंघोळीला गेले की हाक. भाकरीचं पीठ हातात असलं की हाक. पूर्वी वीस मिनिटं तरी मिळत होती. आता पाचही मिळेनात. पाचव्या दिवशी माझ्या छतातून ओळखीची घरघर पुन्हा ऐकू आली. थोड्या वेळाने थेंबे खाली आले आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं.

"पोस्टात टाकाल, बाई? तुम्ही जाताच आहात त्या बाजूला."

"नाही कळवताय?"

"जमणार नाही असं लिहिलंय." त्यांचा पाय वरच्या पायरीवर होताच. "पंप चांगला होता. मोजायचं ते सगळं मोजलं होतं मी."

ते पाकीट मी पोस्टात टाकलं नाही. मुलांच्या जप्त केलेल्या गोट्या सोडल्या तर दुसऱ्याची वस्तू मी आयुष्यात कधी दडवली नव्हती. ते पर्समध्ये ठेवून मी वर गेले, दादांना चार शब्द सुनवायलाच. थेंबे औषधं आणायला गेले होते.

"दादा, तुम्ही त्यांना जाऊ द्यायचं नाही असं ठरवलंय का?"

"मी कुठे अडवलंय?"

"मग त्या नव्या पंपाने तुमचं काय घोडं मारलंय?"

दादांनी मान टाकीकडे वळवली. जुना पंप घरघरत होता.

"बाई, घड्याळ बंद पडलं की मला दुकानात शिरतानाच कळायचं. शंभर घड्याळांत एक. आता हा बाहेर गेला की घरात चालू असलेलं हे एवढंच ऐकू येतं. तेही नसलं की मला वाटतं, मीच..." त्यांनी हाताने कशाचं तरी झाकण लावल्यासारखं केलं. "त्याला खुशाल जाऊ दे. नवा पंप मला नाही ऐकू येत, त्याला मी काय करू?"

तेवढ्यात थेंबे आले. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दादा काय म्हणाले ते सांगितलं. ते माठाखालचं भांडं उचलून मोरीत ओतू लागले. धार मोरीत पडली तशी बाहेरून दादांनी विचारलं, "कोण पाणी ओततंय?"

थेंबेंनी ओतणं थांबवलं. राहिलेलं पाणी पुन्हा थोडं ओतलं. बाहेरच्या खोलीत दादांची मान मोरीकडे वळलेली मला दिसली.

"मी नळीचं तोंड पाण्यात बुडवलं," थेंबे स्वतःशीच म्हणाले. "मीच बुडवलं."

संध्याकाळी नवा पंप पुन्हा बसला. या वेळी नळीचं तोंड पाण्याच्या वर तीन बोटं ठेवलं, म्हणजे धार वरून पडेल. उंची वाढली म्हणून थेंबेंनी पुन्हा बादली धरली: सहासष्ट सेकंद. "चालेल," ते म्हणाले. दादा कान देऊन ऐकत होते.

"थोडं डावीकडे घे. काचेवर आपटतंय."

थेंबेंनी धार डावीकडे घेतली.

"हां. आता पडतंय."

त्या संध्याकाळी हाक आली नाही. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. थेंबेच दोनदा आतून येऊन बघून गेले. मी पर्समधून पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी त्यावरचं शिक्का न पडलेलं तिकीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, हे तर—"

"छडी नंतर मारा. आधी बस कितीची आहे ते बघा."

शिबिराच्या दिवशी सकाळी ते गेले. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांनी तीनदा मागे वळून पाहिलं; मी गॅलरीतून मोजलं. साडेअकराला फोन आला.

"बाई, चालू आहे का?"

"आहे."

"वीज?"

"एकदा गेली, आली. पंप सुरू झाला. तुम्ही शिकवलंत का?"

"पहिला तास झाला. बाई, जरा फोन टाकीजवळ धरता का?"

मी फोन धारेजवळ धरला. दादा खुर्चीतून ओरडले, "सांगा त्याला, चालू आहे म्हणावं! आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस म्हणावं, आवाज मागे पोचत नाही!" दुपारपर्यंत आणखी चार फोन आले. प्रत्येक वेळी मी फोन धारेजवळ धरला.

रात्रीसाठी मी माझं अंथरूण वर आणून ठेवलं होतं. संध्याकाळी साडेसातला जिन्यावर पावलं वाजली. थेंबे होते. दुसऱ्या दिवसाचे तास त्यांनी पहिल्याच दिवशी उरकून घेतले होते. शर्टाच्या बाहीवर खडू होता.

"का आलास?" दादांनी विचारलं.

"तिथे झोप लागली नसती," थेंबे म्हणाले आणि पाण्याची पातळी बघायला कपाटाशी वाकले.

याला दीड वर्ष झालं. संस्था आता त्यांना दर महिन्याला बोलावते. दुसऱ्या शनिवारी ते सकाळी सहाच्या बसने जातात, दोन तास शिकवतात आणि संध्याकाळी परत येतात. मुक्कामाला अजून एकदाही राहिलेले नाहीत.