करड्या कोंबडीचा उजवा पाय

मला राग लवकर येतो, आणि आला की तो आधी माणूस शोधतो, कारण मागाहून. त्या सकाळी माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही.

खुराड्याचं दार उघडलं तशा बाकीच्या कोंबड्या रोजच्यासारख्या उकिरड्याकडे पळाल्या. करडी आतच बसून राहिली. हात घालून तिला बाहेर काढली, अंगणात ठेवली, तर एका पायावर उभी. उजवा पाय पोटाशी ओढून घेतलेला. दोन पावलं टाकायला गेली आणि पंखावर कोसळली. आदल्या दिवशी हीच कोंबडी शेजारच्या मेथीच्या वाफ्यात धुडगूस घालत होती.

ही काही कुठलीही कोंबडी नव्हती. माझं माहेर शिरूरकडचं, न्हावऱ्याजवळचं. आई गेली आणि वर्षाच्या आत भावानं अंगणात कोबा केला. कोंबड्या घाण करतात म्हणून तिच्या सगळ्या कोंबड्या एकेक करून खाल्ल्या. त्याच्याशी भांडून मी शेवटची तीन पिल्लं पिशवीत घातली आणि एसटीनं इथं सासरच्या गावी, राहूला आणली. एक मुंगसानं नेलं, एक थंडीनं गेलं. करडी जगली. आईच्या घरातलं जिवंत असं माझ्याकडे तेवढंच होतं. ती गेली असती तर तिथलं काही म्हणता काही उरलं नसतं.

मेथीचा वाफा थोरल्या जाऊबाईंचा. आमची दोन घरं, मधे एक अंगण, एकच उकिरडा. दोन्हीकडच्या कोंबड्या दिवसभर एकत्र उकरतात, म्हणून ओळखीला पायात चिंधी बांधायची. त्यांची हिरवी, आमची लाल. आदल्या दिवशी जाऊबाई ढेकूळ घेऊन करडीच्या मागे धावलेल्या मी चुलीपाशी बसून पाहिल्या होत्या. झालं. माझा निवाडा तिथेच झाला.

नवरा सणसवाडीच्या कंपनीत आहे. पहिल्या पाळीला निघाला होता. म्हटलं, "अहो, करडी लंगडायला लागलीय."

हेल्मेट घालता घालता म्हणाला, "मग रविवारी मसाला वाट की."

मी हातातला तांब्या आपटला. तो हसत हसत गाडीला किक मारून गेला. या माणसाला बायकोचं माहेर फक्त जेवायला आठवतं.

मग चौफुल्याला गेले. तिथे कोंबड्यांच्या औषधांचं दुकान आहे. काउंटरवरच्यानं माझ्याकडे न बघताच विचारलं, "किती पक्षी हायती?"

"एक."

"एक शेड?"

"एक कोंबडी."

आता त्यानं बघितलं. बाजूला उभे असलेले दोन पोल्ट्रीवालेही हसले. "मावशी, हितं हजार पक्ष्यांची पाकिटं असत्यात. एकीला कसलं औषध करताय?" असं म्हणून त्यानं हाताची सुरी करून आपल्याच मनगटावर फिरवली.

"तुमच्या म्हातारीचा पाय मुरगळला की असंच करता का?" मी विचारलं. पोल्ट्रीवाल्यांचं हसू थांबलं. त्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण परत फिरले ती रिकाम्या हातानंच.

जीपमध्ये पूर्ण रस्ताभर मी मनातल्या मनात भांडत होते, आणि राहू येईपर्यंत सगळे झटकून एकट्या जाऊबाईच समोर उरल्या होत्या. त्या ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

"एवढीच डोळ्यांत खुपत व्हती तर सरळ मान मुरगाळायची. पाय कशाला मोडला?"

त्यांनी जुडी खाली ठेवली. "म्या ढेकूळ फेकलं, न्हाई म्हनत न्हाई. पर ते बांधाला लागलं. तुझ्या कोंबडीला न्हाई."

"म्या बघितलंय."

"काय बघितलंस? लागलेलं बघितलंस?"

लागलेलं मी पाहिलं नव्हतं. उलट आणखी चढले. "तुमाला माझ्या आईचं कायबी बघवलं न्हाई. ती मेली तवाबी तुमी दुसऱ्या दिवशी आलात, मेथीला गिऱ्हाईक व्हतं म्हून."

हे मी बोलले. मनात वर्षभर कुजत पडलेलं होतं, ते बाहेर आलं. त्यांनी जुड्या टोपलीत भरल्या आणि आत गेल्या.

दोन दिवस मी करडीची सेवा केली. वीट तापवून फडक्यात गुंडाळून पंजा शेकला, हळद लावली, भाकरीचा चुरा हातावर धरून भरवला. पंजा उलटापालटा करून पाहिला, बोटं एकेक दाबली. काटा नाही, जखम नाही. मार बसलाय हे माझं पक्कं होतं, तेव्हा आणखी काय बघायचं? तिसऱ्या दिवशी तिनं चुरा खायचंही सोडलं. डोळे मिटून डालग्याखाली बसून राहिली. मी तिच्यापाशी बसून रडले आणि रडता रडता शेजारच्या घराला ऐकू जाईल असं बोललेसुद्धा.

तेव्हा जाऊबाई आल्या. न बोलावता. खाली बसल्या, करडीला उचलली, मला म्हणाल्या, "उलटी धर."

मी धरली. त्यांनी पंजाकडे पाहिलंच नाही. वरून, मांडीपासून पिसं मागे सारत सारत खाली येत गेल्या, आणि गुडघ्याच्या जरा वर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय हाय?"

पिसांच्या आत, सुजलेल्या मांसात रुतलेला दोरा होता. पांढरा, खताच्या गोणीच्या तोंडाच्या शिवणीचा असतो तो. कितीही ओढा, तुटत नाही.

तो मी बांधला होता.

उन्हाळ्यात, करडी अजून अंड्यावर न आलेली तलंग असताना. पायातली चिंधी काय, कुणीही कापील आणि आपली बांधील, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. कुणीही म्हणजे कोण ते सांगायला नको. म्हणून चिंधी होतीच, तरी वर, पिसांत, कुणाला दिसू नये असा हा दोरा घातला आणि दोन गाठी मारल्या. उद्या भांडण झालं तर पिसं फुंकून दाखवता यावं! मग विसरले. कोंबडी वाढली, मांडी भरली, दोरा होता तेवढाच राहिला.

"लाल चिंधी हाय की पायात," जाऊबाई म्हणाल्या. "मग ह्यो कशापायी?"

मी खाली मान घालून कोंबडी धरून बसले. मग त्यांचं त्यांनाच उमगलं, कारण त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला.

तरी ब्लेड त्यांनीच आणलं. मांसाला धक्का न लावता गाठीखाली टोक घालून दोरा कापला. पू आला, तो कोमट पाण्यानं धुतला, खोबरेल तेलात हळद कालवून भरली. करडी ओरडली नाही.

मग त्या उठल्या. अंगणात मूठभर ज्वारी टाकली, आपल्या कोंबड्या बोलावल्या आणि एकेक धरून त्याच ब्लेडनं त्यांच्या पायातल्या हिरव्या चिंध्या कापल्या. सगळ्या. त्या माझ्या उंबऱ्यावर आणून टाकल्या.

"घे. आता समद्या तुझ्याच."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. आणि पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणावर टाकता येईना. दुकानदारावर नाही, नवऱ्यावर नाही. गोणीचा दोरा, दोन गाठी, माझीच बोटं.

दिवस मावळताना मी दारात उभी राहिले, चिंधीविना कोंबड्यांचा घोळ होईल म्हणून. काही झालं नाही. त्यांच्या त्यांच्या घरी गेल्या, आमच्या आमच्या घरी आल्या. एकही चुकली नाही.

करडी वाचली. महिनाभरानं पाय टेकायला लागली, आता लंगडत का होईना हिंडते. रोज सकाळी सुटली की सरळ जाऊबाईंच्या मेथीत शिरते. त्या ओट्यावर बसून बघतात. ओरडत नाहीत, ढेकूळही उचलत नाहीत. मी धावत जाऊन तिला उचलून आणते, तेव्हाही त्या माझ्याशी बोलत नाहीत.