पिंपांचे डाग

एजंटच्या करारात एक रकाना होता: घरातले दोष. तीन महिने आमचा वाकडचा फ्लॅट फक्त त्यानेच विकायचा, असा तो करार. गळती, वाद, पाण्याची अडचण, सगळ्यांपुढे त्याने ‘नाही’ लिहिलं आणि मी मुकाट सही ठोकली. एरवी मी भाजीवाल्यालाही सोडत नाही!

चौथा मजला, लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई आठ महिने खाली उतरल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी तळेगावात तळमजल्याचं घर बघितलं होतं. तिथला मालक रविवारपर्यंतच थांबणार होता, आणि आमचं विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं.

आमच्याकडे पाणी दिवसाआड, तेही जेमतेम तासभर. एजंट म्हणाला, “ताई, पाण्याच्या दिवशीच घर दाखवू. आणि तेवढी पिंपं हलवा.” शनिवारी सकाळी आम्ही तिन्ही निळी पिंपं शेजारणीकडे ढकलली.

चाकणला गॅरेज चालवणारं एक जोडपं आलं. नळ धो धो वाहत होता. दोघं सासूबाईंशी बसून बोलली, खोल्या फिरली. बाईला स्वयंपाकघर आवडलेलं दिसत होतं. मग ती ड्राय बाल्कनीत गेली आणि थांबली. फरशीवर तीन गोल डाग होते, ॲसिडनेही न निघालेले.

“ताई, इथली पिंपं कुठं गेली?”

“कसली पिंपं?” मी बोलून गेले.

तिच्या नवऱ्याने एजंटने दिलेली कराराची प्रत उघडली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. “आमच्याकडं टँकर येतो, ताई. दिवसाआड पाणी म्हणजे आम्हाला चैनच. सरळ सांगितलं असतंत तर आजच टोकन दिलं असतं. आता अजून काय काय लपवलंय, हे आम्ही कसं ओळखायचं?”

“देवाशपथ, बाकी काही नाही हो!”

खरंच काही नव्हतं. पण माझ्या शब्दाला आता किंमत काय राहिली होती? चपला घालताना ती बाई म्हणाली, “आजींना जपा.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आणि आमच्या ह्यांनी पिंपं परत आणली. ती बरोब्बर त्याच डागांवर बसली. पाणी अजून बारीक येत होतं.

आतून सासूबाईंनी विचारलं, “काय गं, पसंत पडलं का त्यांना? कधी जायचं तळेगावला?”

मी नळाखाली पिंप सरकवलं आणि ऐकूच न आल्यासारखी पाणी भरत राहिले.